बूच मारलां?

"लोखंडाच्या जहाजावर सुतार कशाला लागतो हो?" हा प्रश्न मी नौदलात भरती झालो तेव्हापासून ऐकतो आहे. सासऱ्यांनी मुलगी देण्याआधी विचारला. पोस्टमनने विचारला. मालवणच्या एका न्हाव्याने तर वस्तरा गळ्यावर टेकवून विचारला, तेव्हा मात्र मी न चिडता नीट उत्तर दिलं.

तेच उत्तर इथे देतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. लढाऊ जहाज बाहेरून एकसंध दिसतं, पण आतून ते मिसळणाच्या डब्यासारखं असतं. हळदीच्या वाटीत पाणी सांडलं तर मोहरी कोरडी राहते. जहाजाच्या पोटात तसेच कप्पे असतात, मधे लोखंडी भिंती असतात, आणि जिथे दार असेल तिथे ते असं घट्ट बंद होतं की पाण्याचा थेंब पलीकडे जाऊ नये. गोळा लागला, खडक लागला, लाटेने पत्रा फाडला, तर एक कप्पा भरतो आणि बाकीचे जहाजाला तरंगतं ठेवतात. आता भरलेल्या कप्प्याची भिंत पाण्याच्या दाबाने फुगायला लागते. त्या भिंतीला कोरड्या बाजूने टेकू द्यायचा, पाचर ठोकायची, भोकात बूच मारायचं, हे सगळं लाकडाने करतात. लाकूड पाण्याने फुगतं आणि भोकात गच्च बसतं. शिवाय लाकूड मोडण्याआधी करकरतं, सांगून जातं. लोखंड न सांगता जातं. म्हणून लोखंडाच्या जहाजावर सुतार लागतो. माझा बाप सर्जेकोटात होड्या बांधायचा, मी सरकारच्या क्रूझरवर, म्हणजे मोठ्या अवजड युद्धनौकेवर, बुचं तासायचो, एवढाच काय तो फरक.

आमचा खरा शत्रू गोळा नव्हता, कंटाळा होता. दार बंद करायचं म्हणजे ते ओढा, त्याचे खटके फिरवा, पुन्हा पलीकडे जायचं तर उघडा. माणूस कंटाळतो. आमच्या क्रूझरवर एक आचारी होता. भटारखान्यातून खालच्या कोठारात उतरायला जमिनीत एक झाकण होतं. ते सदा बंद हवं. हा बाबा बटाट्याचं पोतं आडवं घालून ते उघडं ठेवायचा. मी तीनदा सांगितलं. "अरे, दिवसाला शंभर वेळा चढ-उतार करतो मी, तू येऊन बघ एकदा," असं मलाच ऐकवायचा. मग एके दिवशी सरावाचा भोंगा वाजला, मी धावत गेलो, तर झाकण उघडं आणि आचारी खाली कांदे निवडत बसलेला. मी पोतं उचललं, झाकण लावलं, खटके फिरवले आणि सराव संपेपर्यंत वर उभा राहिलो. खालून जे ऐकू आलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पण त्यानंतर ते झाकण कधी उघडं दिसलं नाही, आणि मला मात्र महिनाभर करपलेला भात मिळाला.

साठच्या दशकात मी नोकरी संपवून मालवणला परत आलो. वर्षभरात भिकाजीही आला. भिकाजी माझा वर्गमित्र, माझ्याबरोबरच भरती झालेला, पण त्याची सगळी नोकरी डिस्ट्रॉयरवर, बॉयलरच्या खोलीत गेली. डिस्ट्रॉयर म्हणजे लांब, अरुंद, पातळ पत्र्याची आणि वेगाने पळणारी युद्धनौका. तिच्या बॉयलरखान्यात पंख्यांनी हवा दाबून भरलेली असते. आत जायला एकापाठोपाठ एक अशी दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, नाहीतर हवा निसटते आणि भट्टीतला जाळ माणसांच्या अंगावर येतो. ही सवय भिकाजीच्या हाडांत मुरलेली. घरी आल्यावरही पुढचं दार ओढून घेतल्याशिवाय तो स्वयंपाकघराचं दार उघडायचा नाही. "माशे इकणारीण दारात उबी आसा आणि ह्यो तिच्या तोंडार दार लावता!" असं त्याची बायको साऱ्या वाडीला सांगायची.

रोज सकाळी मासळीचा लिलाव आटोपला की आम्ही दोघे धक्क्यावर चहा घेऊन बसायचो आणि भांडायचो. विषय एकच, जहाज कसं असावं.

"तुझी क्रूझर म्हणजे गाभण म्हस रे," भिकाजी सुरुवात करायचा. "हलता तरी कळत नाय."

"आणि तुझी डिस्ट्रॉयर म्हणजे पन्हळ. ओकल्याशिवाय कोण जेवलो काय तुमच्यात?"

मग मी काढायचो की त्याच्या जहाजावर पुढून मागे जायला आतून वाटच नव्हती. वादळात उघड्या डेकवरून दोर धरून जायचं, आणि जेवण मागे पोचेपर्यंत डाळीत समुद्राचं पाणी. तो काढायचा की माझ्या क्रूझरला वळायला अर्धा अरबी समुद्र लागतो. मी म्हणायचो, आमच्या जहाजाच्या बाजूला जाड पोलादाचा पट्टा होता, गोळा आपटून परत जाईल. तो म्हणायचा, आमच्यापर्यंत गोळा पोचणारच नाही, आम्ही तिथून कधीच निघून गेलेले असू. नवीन फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवर तर दोघांचंही एकमत की ती खरी बोट नव्हे, चकचकीत दवाखाना आहे. आजूबाजूचे कोळी आधी ऐकायचे, नंतर कंटाळून उठून जायचे. भिकाजी आता राहिला नाही. त्यामुळे हल्ली सगळे वाद मीच जिंकतो, आणि त्यात काही मजा नाही.

त्याची एक गोष्ट मात्र मी कधी खरी मानली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर त्यांची बोट वादळात सापडली, लाटेने पुढचा पत्रा फाटला आणि खलाशांच्या राहण्याचा कप्पा भरला. माणसं बाहेर काढली, दार लावलं, टेकू दिले. भिकाजीचे नवे बूट तेवढे आत राहिले, त्याचं दुःख तो शेवटपर्यंत करत होता. पण बोट पुढे चालवली की समुद्राचं पाणी फाटक्या नाकातून आत घुसून त्या एका भिंतीवर जोराने दाबत होतं. टेकू करकरायला लागले. तेव्हा कप्तानाने बोट उलटी फिरवली आणि शेपटीकडून चालवत बंदरात आणली.

"उलटी?" मी विचारायचो.

"उलटी. सगळा रस्ता. भिंतीर दाबच पडाक नाय."

"थापा मार. क्रूझरवाल्याक सांगतंस म्हणान काय वाट्टेल ता सांगशील?"

तत्त्व मला पटत होतं, मी काही शेंबडं पोर नव्हतो. पण अख्खी युद्धनौका पाठमोरी घरी आली हे माझ्या डोळ्यांपुढे येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ती गोष्ट माझ्या जहाजाची नव्हती म्हणून मला ती नकोच होती.

असेच एकदा आम्ही भांडत असताना भिकाजीची थोरली बहीण आवडाबाय टोपली डोक्यावर घेऊन समोर उभी राहिली. आवडाबाय मासे विकायची. तिचा आवाज धक्क्यावरून चिवल्याच्या किनाऱ्यापर्यंत जायचा. तिचा नवरा सोमाजी तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, होता. काही वर्षांपूर्वी त्याच्या होडीची तळाची फळी भर समुद्रात सुटली. आमच्या जुन्या होड्या आतून मोकळ्या, एका टोकाला पाणी शिरलं की क्षणात दुसऱ्या टोकाला. होडी भरली आणि गेली. बाकीचे फळ्यांना धरून वाचले, सोमाजी वाचला नाही. तेव्हापासून आवडाबायने घरची होडी केली नाही. तिचा दीर जयराम दुसऱ्यांच्या होड्यांवर जायचा आणि हल्ली म्हणू लागला होता की मी मुंबईला गिरणीत जातो.

"तुमची लढाई मरांदे," आवडाबाय म्हणाली. "माका एक सांगा. दोगांच्यापैकी खंयची बोट घराक येतली?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. "दोनय येतत," भिकाजी म्हणाला.

"भोक पडला तरी?"

"भोक पडला तरी," मी म्हटलं.

"मगे माका तशी होडी करून देवा. तू बांद, ह्यो इंजिन चलयतलो, नि जयराम सुकाणूर. माज्या घरातलो आनी एक माणूस दर्यात ऱ्हवाचो नाय. आणि जयराम मुंबयकय जावचो नाय."

टोपली उचलून ती निघून गेली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. मी नौदलात बरेच मोठे साहेब बघितले, पण "नाही" म्हणायला जागाच न ठेवणारी हुकमाची पद्धत मी आवडाबायकडेच बघितली.

त्या वर्षांत इंजिनाच्या होड्या नुकत्या येत होत्या. इंजिनासाठी सरकारी मदत मिळत होती. बापाच्या जागेवर, सर्जेकोटात, माडाखाली मी होडीचा कणा मांडला, आणि पहिल्याच दिवशी आम्ही दोघे भांडलो. भिकाजीला डिस्ट्रॉयर हवी होती. अणकुचीदार नाक, अरुंद अंग, सुरीसारखी पाणी कापत जाणारी. मला रुंद, बसकी, लाटेवर शांत बसणारी. दोन दिवस करवत चाललीच नाही. तिसऱ्या दिवशी आवडाबाय आली. आमच्याकडे बाईमाणसाने मासेमारीच्या होडीत पाय ठेवायचा नाही असा रिवाज. म्हणून ती बाहेर उभी राहून काठीने दाखवत बोलली. "नाक भिकाजीच्या बोटीचां. प्वाट गोयंदाच्या बोटीचां. आता लागा कामाक."

गोयंदा म्हणजे मी. आणि सांगायला हरकत नाही, त्याच आकाराची ती होडी पुढे किनाऱ्यावर सगळ्यात चांगली चालली.

खरी गंमत मधल्या भिंतीवरून झाली. मी पुढचा कप्पा आणि इंजिनाचा कप्पा यांच्यामधे सागाची आडवी भिंत घातली, तळापासून वरपर्यंत, दार नाही, खिडकी नाही. फटीत कापूस भरला, राळ आणि मोरी माशाच्या तेलाचा लेप दिला. बघायला सगळं गाव आलं. "होडयेत खोली कित्याक बांदतंस रे, लगीन आसा काय कोणाचा?" असं एक म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले. जयरामही हसला. जाळं ठेवायची जागा अडली, म्हणून तो आतून नाराज होता. पण वहिनीसमोर बोलायची त्याची छाती नव्हती.

होडी पाण्यात गेली, मासळी मिळू लागली, जयरामच्या तोंडून मुंबई बंद झाली. मी आठवड्यातून एकदा जाऊन होडी ठोकून बघायचो. जुनी सवय. एकदा गेलो तर पुढचा कप्पा कोरडा ठणठणीत. मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला. ओलं जाळं त्या कप्प्यात पडतं, त्याचं पाणी तिथे साचायलाच हवं. मी जाळं बाजूला करून खाली हात घातला, आणि भिंतीच्या तळाशी माझा अंगठा एका गोल भोकात गेला. नीट गिरमिटाने पाडलेलं, कडा घासून गुळगुळीत केलेलं भोक.

माझं डोकं फिरलं. जयरामला मी धक्क्यावरून हाक मारली ती आवडाबायच्या आवाजाला मागे टाकेल अशी होती.

"ह्या कोणी केल्यान?"

"मिया," जयराम म्हणाला. त्याला काही चुकलं असं वाटतच नव्हतं. "तू इसारलंस म्हणान मीच पाडलंय. पाणी मागे येवक नको? नायतर उपसूचा कसा?"

आता यात त्याचा दोष किती? आमच्याकडची प्रत्येक होडी अशीच असते. आतल्या बरगड्यांना तळाशी भोकं ठेवतात, म्हणजे साचलेलं पाणी वाहत एका जागी येतं आणि तिथून उपसता येतं. ज्या सुताराने ती भोकं ठेवली नाहीत तो सुतार अडाणी. जयरामच्या बापाने, आज्याने, माझ्या बापानेसुद्धा आयुष्यभर ती भोकं पाडली. मला अडाणी समजून त्याने बिचाऱ्याने माझी चूक सुधारली होती! पण त्या अंगठ्याएवढ्या भोकाने माझी सगळी भिंत फुकट घालवली होती. पुढे पाणी शिरलं असतं तर ते त्याच वाटेने इंजिनात गेलं असतं, इंजिन बंद, आणि मग सोमाजीच्या होडीत आणि या होडीत फरक काय?

मी म्हटलं, आजच्या आज भोक कायमचं बुजवतो. जयराम म्हणाला, मग मी होडीवर जात नाही. जाळ्याखाली बसून वाटीवाटीने पाणी कोण उपसणार? भिकाजी मधे पडला. त्याचं म्हणणं, मोठ्या जहाजांवरही पाणी काढायला झडपा असतात. बंदरात उघडायच्या, समुद्रात बंद. तर भोक राहू दे, त्याला बूच कर.

"आणि बूच मारूक इसारलो तर?" मी ओरडलो. "माज्या आचाऱ्यान पोतां घातलेल्यान, ठाऊक आसा मा?"

आवडाबाय हे सगळं ऐकत होती. "इसारूचो नाय," ती म्हणाली. "मी इचारतलंय."

मी सावरीच्या नरम लाकडाचं निमुळतं बूच तासलं, त्याला फडकं गुंडाळलं. नियम असा की पाणी ज्या बाजूने येणार त्याच बाजूने बूच ठोकायचं, म्हणजे दाबाने ते आणखी घट्ट बसतं. उलट बाजूने ठोकलं तर पाणी ते ढकलून बाहेर काढतं. म्हणजे रोज जयरामने वरच्या झाकणातून पुढच्या कप्प्यात उतरायचं, जाळं सरकवायचं आणि वाकून बूच ठोकायचं. कंटाळवाणंच काम. पण दुसऱ्या दिवशी पहाटेपासून आवडाबाय किनाऱ्यावर हजर. दोर सोडायच्या आधी तिची हाक यायची,

"बूच मारलां काय रे?"

आणि जयरामने आतून ठोकून वर येऊन, चार लोकांदेखत ओरडायचं, "मारलां!"

उत्तर येईपर्यंत ती दोर सोडू द्यायची नाही. सगळा किनारा हसायचा. लग्नाच्या पंगतीत कोणी पाण्याचा लोटा मागितला तरी पोरं ओरडायची, "बूच मारलां?" जयराम शरमेने लाल व्हायचा. नौदलात आम्ही हेच करायचो, प्रत्येक दाराचं नाव घेऊन "बंद" असं सांगायचं. पण तिथे कोणी हसत नव्हतं. मला वाटायचं, हा माणूस एक दिवस चिडून नुसताच "मारलां" ओरडेल आणि बूच खिशात ठेवून जाईल. आवडाबाय होडीत चढून बघू शकत नव्हती, आणि हे तिलाही माहीत होतं.

पुढच्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतर हंगाम नुकता सुरू झाला होता. समुद्र अजून रुसलेलाच होता. आवडाबाय सुकी मासळी घेऊन आदल्या दिवशीच कुडाळच्या बाजाराला गेली होती. त्या पहाटे होडी निघाली तेव्हा किनाऱ्यावर तिची हाक नव्हती. मीही नव्हतो, गुडघा धरला होता म्हणून घरी होतो.

दुपार कलल्यावर मी धक्क्यावर येतो तर माणसं जमलेली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या अलीकडे, खडकांच्या बाजूला होडी दिसत होती, आणि तिचं नाक पाण्यात गेलेलं होतं. बंदरात शिरायच्या वाटेवर खडकाची खूण म्हणून बांबू रोवलेला असतो, तो पावसाळ्यात वाहून गेलेला. लाटेखाली खडक दिसला नाही. कोणीतरी म्हणालं, "आवडाबायची होडी!"

एवढ्यात एसटीच्या थांब्याकडून आवडाबाय आली, रिकामी टोपली तशीच हातात. तिला वाटेतच कोणीतरी सांगितलं होतं. तिने समुद्राकडे बघितलं आणि माझं मनगट धरलं.

"गोयंदा, आज मी नाय होतंय. बूच मारलेलां काय?"

मला माहीत नव्हतं. तिच्या बोटांची पकड मला आजही आठवते. एका बाजूला भाऊ, एका बाजूला दीर, आणि मधे अंगठ्याएवढं एक भोक.

"खरां सांग," ती म्हणाली. "गोड बोलू नको."

"ठाऊक नाय, बाय. बूच असला तर येतली. नसला तर—"

वल्ह्यांचे दोन पडाव दोर घेऊन निघाले. त्यांना पोचायला वेळ लागणार होता. होडी हळूहळू फिरत होती. कोणी म्हणालं, ओढीला लागली. कोणी म्हणालं, संपलं. होडीचा मागचा भाग आमच्याकडे वळला, आणि मग ती तशीच, पाठमोरी, आमच्या दिशेने सरकू लागली. "प्रवाहान व्हाऊन येता," असं एक म्हातारा तांडेल म्हणाला. पण लाट तिरकी होती आणि होडी सरळ येत होती. आणि वाऱ्याबरोबर एक बारीक आवाज आला. ठक, ठक, ठक, ठक.

"अरे देवा!" मी ओरडलो. "उलटी हाणता! भिकल्या उलटी हाणता!"

लोकांना वाटलं माझं डोकं फिरलं. मी आवडाबायला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं. "आयकतंस काय? इंजिन वाजता. पाणी मागे गेला असता तर इंजिन कदीच बंद पडला असता. इंजिन वाजता म्हणजे मागचो कप्पो सुको आसा. बूच आसा, बाय! बूच आसा!"

ती डोळे मिटून ऐकत राहिली. लाट फुटली की आवाज बुडायचा, तेव्हा तिचा चेहरा दगड व्हायचा. पुन्हा ठक ठक आलं की ती श्वास घ्यायची. पुढून फाटलेली, नाक पाण्यात, शेपूट वर, अशी ती होडी हळूहळू, लाटेला जपत, एकेक हात मागे सरकत आली. भिंतीवर दाब पडू नये म्हणून भिकाजीने तिला एकदाही पुढे चालवलं नाही. पडाव पोचले तेव्हा अर्ध्याहून जास्त वाट तिने स्वतःच कापली होती. दोर बांधले, पण इंजिन शेवटपर्यंत चालू होतं.

होडी वाळूला लागली. भिकाजी कमरेएवढ्या पाण्यात उडी मारून चालत आला, काळाकुट्ट, तेलाने माखलेला, आणि सख्ख्या बहिणीला सोडून आधी माझ्यासमोर उभा राहिला.

"थापा मारतंय काय मी?"

"नाय रे बाबा," मी म्हटलं. "मान्य. तुझो कप्तानय मान्य, तुझी बोटय मान्य."

"बूट मातर परत मिळाक नाय," तो म्हणाला, आणि दोघेही वेड्यासारखे हसत आणि रडत सुटलो.

आवडाबाय हसली नाही. जयराम किनाऱ्यावर आला तशी ती त्याच्यासमोर गेली.

"बूच कोणी मारल्यान?"

"मिया."

"मी हयसर नाय होतंय. तुका इचारल्यान कोणी?"

जयरामने मान खाली घातली. सगळा किनारा ऐकत होता, तेच लोक जे रोज हसायचे.

"कोणी नाय, वैनी," तो म्हणाला. "किनाऱ्यार कोण नाय होता. म्हणान मीच वराडलंय, 'बूच मारलां काय रे?' नि मीच जावन मारलंय, नि मीच सांगलंय, 'मारलां.' भिकादा हसा होतो माका."

आवडाबायने त्याच्या गालावर एक चापट मारली आणि लगेच तोच गाल दोन्ही हातांनी धरला. मग तिने त्याला बाजूला सारलं, लुगड्याचा काचा खोचला आणि होडीकडे चालू लागली. ओहोटी लागली होती. फुटलेल्या नाकातून पुढच्या कप्प्यातलं पाणी बाहेर पडत होतं. तिने फळीवर पाय ठेवला. एक म्हातारा पुढे झाला. "आवडाबाय, बाईमाणसान होडयेत—" एवढं बोलून तो थांबला, कारण ती आत पोचली होती.

मी काठावर चढून बघत होतो. ती जाळ्याच्या चिखलात गुडघ्यांवर बसली, खाली हात घातला, बूच सापडलं तेव्हा थांबली आणि मग सगळ्या ताकदीने ओढलं. ते हललं नाही. पाण्याने फुगून भिंतीचाच भाग झालं होतं. तिने दोन्ही हातांनी ओढून बघितलं. मग तिथेच, त्या ओल्या जाळ्यावर, ती पदर तोंडाला लावून मोठ्याने रडली. सोमाजी गेला तेव्हा ती रडली नव्हती असं लोक सांगतात. मी मान फिरवली.

थोड्या वेळाने आतून हाक आली. आवाज नेहमीचा, चिवल्यापर्यंत जाणारा.

"गोयंदा! उद्या सकाळी फळये घेवन ये. होडी कदी जायत?"

मी फुटलेलं नाक बघितलं. "चार दिवस तरी लागतले, बाय."

"चार तर चार," ती म्हणाली. "सगळां बदल. पण ह्या बूच बदलू नको."